व्यायामशाळेमागचा सर्व्हर

आमच्या शाळेत एखाद्या पोराला विचारलं, "निबंध झाला का रे?" तर तो म्हणायचा, "हो, क्लोव्हिसकडे टाकलाय." क्लोव्हिस सिरवा हे काही शिक्षक नव्हते. निबंध त्यांनी वाचलेलाही नसायचा. पण धडे, गृहपाठ, गुण, परीक्षा असं शाळेचं सगळं ज्या संगणकावर राहायचं, तो व्यायामशाळेमागच्या कोठडीतला सर्व्हर त्यांनी उभा केला होता आणि तेच सांभाळत होते. चौदा वर्षं. त्यामुळे सर्व्हरला दुसरं नाव पडलंच नाही.

मी त्या शाळेत इतिहास शिकवते. क्लोव्हिस माझ्या आईच्या घरापासून चौथ्या घरात राहायचे, म्हणून मी त्यांना लहानपणापासून मोनोंक म्हणते, आणि नदीच्या आमच्या खोऱ्यातली निम्मी माणसं त्यांना मोनोंकच म्हणतात. सख्खा काका असायला लागतो असं काही नाही. मोठा असावा, आणि हिवाळ्यात न सांगता तुमच्या दारातला बर्फ काढून जाणारा असावा.

आधी ते कागदाच्या गिरणीत होते. तिथे वाफेचा दाब, लगद्याची जाडी असली मोजमापं करणारी यंत्रं त्यांच्याकडे असायची. गिरणीनं माणसं कमी केली तेव्हा वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते शाळेत बॉयलर बघायला आले. बॉयलरवरून वायरिंगकडे गेले, वायरिंगवरून संगणकाकडे. कोणी शिकवलं नाही. पुस्तकं मागवायची, शाळा सुटल्यावर बसायचं, मोडायचं, पुन्हा जोडायचं.

राज्याच्या उत्तर टोकाच्या आमच्या गावात, सेंट-ओडिलला, वर्षातून तीन आठवडे बटाट्याच्या काढणीसाठी शाळा बंद असते. शिवाय हिवाळ्यात वादळानं दहा-बारा दिवस जातात. मुलांना घरून काही करता यावं म्हणून ऑनलाइन शिक्षणाची काहीतरी सोय करावी असं शाळामंडळाच्या मनात आलं. मोठ्या कंपन्यांच्या तयार सोयी तेव्हा आम्हाला झेपणाऱ्या नव्हत्या. क्लोव्हिसनी जगभर फुकट मिळणारी एक प्रणाली उतरवून घेतली, गिरणीच्या लिलावातून दोन यंत्रं आणली, चेंडू ठेवायच्या कोठडीतून चेंडू बाहेर काढले आणि तिथे ती चालू केली.

आणि ती त्यांनी आमच्या मापानं बेतली. नदीकाठच्या घरांत इंटरनेट रडतखडत यायचं. म्हणून त्यांनी अशी व्यवस्था केली की मुलानं वहीच्या पानाचा फोटो टाकला तर तो आपोआप लहान होऊन चढेल. सगळ्या सूचना इंग्रजीत आणि खोऱ्यात घरोघर बोलतात त्या आमच्या फ्रेंचमध्ये, पुस्तकी फ्रेंचमध्ये नव्हे. महामारीत सगळ्या शाळा बंद झाल्या, आजूबाजूचे जिल्हे तीन-तीन आठवडे चाचपडत होते, तेव्हा आमचे वर्ग चौथ्या दिवशी सुरू झाले. चर्चच्या आवारात इंटरनेट मिळायचं, तिथे गाड्या लावून मुलं धडे उतरवून घ्यायची. त्या वर्षी काढणीच्या जेवणात रोझेर पेल्तिएनं उभं राहून त्यांच्या नावानं ग्लास उचलला होता. रोझेर म्हणजे आमच्या शाळामंडळाचा अध्यक्ष, दोनशे एकरांचा बटाटेवाला, आवाज असा की माइक दिला की लोक कान झाकतात.

"अरे, पोर्टलंडसारख्या शहरातल्या शाळा बंद आणि आपली चालू!" तो ओरडला होता. "का? तर आपल्याकडे क्लोव्हिस आहे!"

क्लोव्हिस ताटातल्या घेवड्याकडे बघत बसले होते. त्यांची बायको तेरेझ म्हणाली, "रोझेरला अजून एक ग्लास देऊ नका, उद्या सर्व्हरचं लग्न लावून देईल."

तेरेझ अशीच होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं तीस वर्षं काढली. गावातल्या प्रत्येक माणसाला लहानपणी काय आवडत नव्हतं ते तिला पाठ. नवरा मुखदुर्बळ, म्हणून दोघांचं बोलणं तीच बोलायची.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, एका रविवारी, चर्चला जायला बूट घालताना तेरेझ खाली बसली ती उठली नाही. मेंदूत रक्ताची गुठळी. रुग्णवाहिकेनं तिला बँगोरला नेलं, दोनशे मैल, आणि क्लोव्हिस तिच्याबरोबर गेले.

मंगळवारी सकाळी दुसऱ्या तासाला शाळेतल्या सगळ्या संगणकांचे पडदे पांढरे झाले.

कोठडीची किल्ली कार्यालयात होती. ती घेऊन मी गेले, कारण क्लोव्हिसचा नंबर हक्कानं फिरवू शकेल अशी मीच होते. कोठडीत अजून रबराचा वास यायचा. दोन यंत्रांपैकी एकावर तांबडा दिवा होता आणि आतून कोणीतरी नखानं खरवडावं तसा आवाज येत होता.

फोन तिसऱ्या घंटीला उचलला.

"मोनोंक, तेरेझमावशी कशी आहे?"

"डोळे उघडलेत. बोलत नाही." मग, "तू काय कोठडीत आहेस? आवाज येतोय."

मी सांगितलं. मागे इस्पितळातल्या गाड्यांची चाकं वाजत होती.

"बंद कर ते. मागचं काळं बटण, पाच आकडे मोजेपर्यंत दाबून धर. मुख्य डिस्क गेली. घाबरू नकोस, रोज एक प्रत दुसऱ्या यंत्रावर पडते. शेजारच्याच. पडद्यावर काय दिसतं ते वाच मला."

मी वाचत गेले. ते सांगतील ते टंकत गेले. एका ठिकाणी तारखांची यादी आली.

"शेवटची तारीख वाच."

"चोवीस ऑक्टोबर."

"खाली जा. अजून खाली असेल."

"खाली काही नाही, मोनोंक. चोवीस ऑक्टोबर शेवटची."

मग ते अगदी हळू म्हणाले, "अल्मा, हात लावू नकोस आता कशाला. कुलूप लाव." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या यंत्राची जागा ऑक्टोबरमध्ये भरली होती. त्यानंतर एकही प्रत पडली नव्हती. बिघडलेली डिस्क आम्ही मॅसॅच्युसेट्सच्या एका कारखान्यात पाठवली, जिथे मेलेल्या डिस्कमधून काढता येईल ते काढून देतात. तीन आठवड्यांनी ती परत आली. काही निघालं नाही.

बारा आठवड्यांचं काम गेलं. गुण आमच्या वह्यांत होते, ते पुन्हा भरले. निबंध मुलांनी कुरकुरत पुन्हा लिहिले. ज्यांच्या घरी संगणक होता त्यांच्याकडे काही सापडलं. बहुतेक गोष्टी अशाच, हळूहळू भरून निघाल्या. एक निघाली नाही.

एलोडी मार्तां माझ्या अकरावीच्या वर्गात होती. मी मुलांना घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून ते रेकॉर्ड करायला सांगितलं होतं. बाकीच्यांनी एकेक केलं, पाच-दहा मिनिटांचं. एलोडीनं आजोबांशी अकरा वेळा बोलून अकरा केली. तिचे आजोबा, पेपेर अँतिम, जंगलात घोड्यांनी ओंडके ओढायचे त्या काळातले. नोव्हेंबरभर ती संध्याकाळी त्यांच्यापाशी बसायची. डिसेंबरच्या वीस तारखेला ते वारले. तिचा फोन जुना, जागा नेहमी भरलेली. ती मला विचारायला आली होती, आणि मी तिला जे म्हणाले ते मला अजून शब्दशः आठवतं. "क्लोव्हिसकडे टाक आणि फोनवरचं पुसून टाक. तिथे सुरक्षित आहे."

फेब्रुवारीत तेरेझला घरी आणलं. उजवी बाजू लुळी, आणि तोंडातून एकच शब्द यायचा, "नाही." हो म्हणायचं असलं तरी "नाही." क्लोव्हिसच्या बहिणीनं त्यांच्याकडे मुक्काम हलवला. ती आली त्याच आठवड्यात क्लोव्हिस माझ्या दारात उभे राहिले.

"मार्तांकडे जायचंय. तू येतेस का?"

"मी सांगितलंय तिला, मोनोंक. तुम्ही कशाला? तुमच्या घरी काय चाललंय ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. कोणी तुम्हाला दोष देत नाही."

"म्हणूनच जायचंय," ते म्हणाले.

मार्तांच्या स्वयंपाकघरात एलोडीची आजी, मेमेर ओरोर, तव्यावर प्लॉय घालत होती. कुट्टूच्या पिठाचे ते पिवळे जाळीदार घावन आमच्याकडे दिवसातून तिन्ही वेळा होतात. एलोडी टेबलापाशी बसली होती. क्लोव्हिसनी टोपी काढली, पण बसले नाहीत.

"एलोडी, तुझ्या पेपेरचा आवाज माझ्या यंत्रात होता," ते म्हणाले. "तो गेला. परत येणार नाही, सगळं करून बघितलं. यंत्र सगळ्यांचीच बिघडतात, त्याचं काही नाही. पण रोज प्रत पडते की नाही ते बघायचं काम माझं होतं. प्रत पडली नाही की मला रोज सकाळी एक मेल यायचा. ऑक्टोबरपासून येत होता. ऐंशीच्या वर मेल. मी एकही उघडला नाही."

मेमेर ओरोर तव्याकडे बघतच म्हणाली, "तुझी बायको आजारी होती, क्लोव्हिस."

"ऑक्टोबरमध्ये नव्हती, मादाम मार्तां. ऑक्टोबरमध्ये ती बागेत लसणाच्या पाकळ्या लावत होती. तिचं नाव मी याच्यात घेणार नाही. तेरा वर्षं काही झालं नाही, म्हणून मी बघायचं सोडलं होतं. एवढंच आहे."

एलोडीनं विचारलं, "अकराच्या अकरा?"

"हो."

"तुम्ही ऐकलं होतं का एखादं?"

"नाही."

"मग कोणीच नाही ऐकलं," ती म्हणाली. "मी पण परत नव्हतं ऐकलं. म्हटलं, उन्हाळ्यात ऐकेन." ती उठली आणि जिना चढून वर गेली. दार आपटलं नाही.

मेमेर ओरोरनं शेवटची प्लॉय काढली, गॅस बंद केला. मग ती आमच्याकडे वळली. "अँतिम सात वर्षांचा असताना, शाळेत फक्त इंग्रजी चालायची तेव्हा, फ्रेंच बोलला म्हणून मास्तरणीनं त्याला दिवसभर कोपऱ्यात उभं केलं होतं. ते त्यानं त्या पोरीला सांगितलं होतं, दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी. मला साठ वर्षांत सांगितलं नव्हतं. मी दाराआडून ऐकलं." तिनं हात पुसले. "तेव्हा शाळेनं त्याचं तोंड बंद केलं. आता हे. तुला बोलत नाही मी, क्लोव्हिस. पण शाळेला काही द्यावं असं आमच्या घराच्या नशिबात नाही. बसा. खाऊन जा."

आम्ही बसलो. क्लोव्हिसनी लोणी लावलं, घास घेतला आणि कितीतरी वेळ तो चावत राहिले. मी ताटाकडे बघत होते. माझा त्यातला भाग मी त्या घरात बोलून दाखवला नाही. तो नंतर, एलोडीला एकटीला सांगितला, आणि ती म्हणाली, "माहीत आहे मला, मादाम," आणि विषय संपवला.

पुढे काय करायचं हे ठरवायला मार्चमध्ये शाळामंडळानं समिती नेमली. मंडळाखालच्या तिन्ही शाळांच्या प्रमुख गेल हॅनफर्ड, क्लोव्हिस, मी आणि रोझेर. हॅनफर्डबाई राज्याच्या दक्षिणेकडून आलेल्या, येऊन दोनच वर्षं झालेली, त्यामुळे गावाच्या लेखी अजून पाहुण्या. त्यांचं मत पहिल्यापासून स्पष्ट होतं. एका मोठ्या कंपनीची तयार प्रणाली घ्यायची. सर्व्हर त्यांचा, माणसं त्यांची, बिघडलं तर धावपळ त्यांची. आपण फक्त शिकवायचं.

रोझेरचंही मत स्पष्ट होतं. "नवीन डिस्क घ्या, दोन घ्या, चार घ्या. पण आपल्या पोरांचं सगळं उचलून कुठल्यातरी लांबच्या कंपनीच्या हातात द्यायचं? उद्या ते भाव वाढवतील, परवा दुकान बंद करतील. आपलं ते आपलं. काय क्लोव्हिस?"

क्लोव्हिस म्हणाले, "मला वाचू दे आधी."

करार त्रेचाळीस पानांचा होता. तो त्यांनी दोन आठवडे वाचला. मी एकदा सूप घेऊन गेले तेव्हा ते तेरेझच्या खाटेजवळ बसले होते. तिच्यासमोर चित्रांचे पत्ते, त्यांच्या मांडीवर करार. ते पत्ता दाखवायचे, "सफरचंद." ती म्हणायची, "नाही." ते म्हणायचे, "बरं," आणि एक ओळ वाचून खूण करायचे. मग पुढचा पत्ता.

"कसा आहे?" मी विचारलं.

"तेविसाव्या पानापर्यंत चांगला आहे. तेविसाव्या पानावर आपण सोडून जायचं ठरवलं तर काय, ते लिहिलंय. तीस दिवसांत सगळं पुसणार. आणि देतील ते त्यांच्याच प्रणालीत उघडेल अशा रूपात." त्यांनी पान दुमडलं. "गिरणीत नवं यंत्र घेताना आम्ही आधी विचारायचो, हे बाहेर कसं काढायचं? आत तर कोणीही घालून देतं."

सभा एप्रिलच्या सुरुवातीला, संध्याकाळी सहाला, शाळेच्या जेवणघरात होती. बाहेर गुडघाभर बर्फ, तरी शंभरेक माणसं आली. बहुतेक जण क्लोव्हिसच्या बाजूनं बोलायलाच आले होते. एकामागून एक उठून महामारीतले दिवस आठवत होते. कोणी म्हणालं, "एक चूक झाली म्हणून चौदा वर्षं पुसायची?" टाळ्या पडल्या. हॅनफर्डबाई एकट्या, हातात कागद घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडे कोणी बघतही नव्हतं.

रोझेर म्हणाला, "क्लोव्हिस, तूच बोल आता. लोकांना ऐकायचंय."

क्लोव्हिस उभे राहिले. त्यांना सभेत बोलताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बोलण्याचं खातं तेरेझचं.

"रोझेर, तुझा ट्रॅक्टर काढणीत बंद पडला तर गावात किती जण दुरुस्त करतील?"

"सहा-सात तरी असतील. तू धरून."

"सर्व्हर बंद पडला तर?"

रोझेरनं मान खाजवली. "तू."

"आणि मी बँगोरला असलो तर?"

मागून कोणीतरी म्हणालं, "मग एखाद्याला शिकवून तयार करा की, मोनोंक!"

"तिघांना केलं," क्लोव्हिस म्हणाले. "तिघंही हुशार. शिकले आणि पोर्टलंडला गेले. त्यांचं चुकलं नाही. असलं काम येणारा माणूस इथे कशाला राहील? मी राहिलो कारण मला दुसरीकडे कोणी विचारत नव्हतं." लोक हसले. ते हसले नाहीत. "तुम्ही माझ्या बाजूनं आलात, मला कळतं. पण शाळा माझ्या एकट्याच्या अंगावर उभी आहे, आणि ती तशी मीच केली. मला ते आवडायचं. पोरं म्हणायची क्लोव्हिसकडे टाकलं, तर मला बरं वाटायचं. हे खरं सांगतो. म्हणून कधी दुसऱ्याला किल्ली दिली नाही. मी आज पासष्टचा आहे आणि घरी बायको अंथरुणात आहे. मला पुन्हा त्या पोरीसारख्या कोणाच्या घरी जायचं नाही."

त्यांनी टेबलावरचा करार उचलला.

"तेव्हा सर्व्हर आपल्याकडे नको," ते म्हणाले. "ज्यांच्याकडे रात्रपाळी-दिवसपाळीला माणसं आहेत, त्यांच्याकडे जाऊ दे." मग ते हॅनफर्डबाईंकडे वळले. "पण मॅडम, हा करार पण नको. यात आत जायचा दरवाजा आहे, बाहेर यायचा नाही."

हॅनफर्डबाई म्हणाल्या, "क्लोव्हिस, कंपनीचा करार सगळ्यांना सारखाच असतो. आपल्यासारख्या तीन शाळांसाठी ते शब्द बदलणार नाहीत."

"मग दुसरी बघू. आपण वापरतो तीच प्रणाली आपल्यासाठी चालवून देणाऱ्या कंपन्या आहेत. यंत्रं त्यांची, राखण त्यांची, आतलं सामान आपलं. सोडायचं झालं तर सगळं उचलायचं आणि दुसरीकडे मांडायचं. दोन कंपन्यांशी बोललोय मी. एक गोष्ट करून बघू म्हणतो."

ती गोष्ट अशी होती. दोन्ही कंपन्यांकडे एक खोटा वर्ग मांडायचा. वीस खोटी मुलं, त्यांचे निबंध, फोटो, रेकॉर्डिंग. आठवड्यानं तो वर्ग आपणच पुसून टाकायचा, आणि फोन करून सांगायचं, चूक झाली, परत आणून द्या. घड्याळ लावून बसायचं.

सभेनं तेवढी मुदत दिली. पहिल्या कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं की अशी मागणी लेखी अर्जानं करावी, कामाचे पाच दिवस लागतील. दुसऱ्या कंपनीची एक मुलगी होती, आवाजावरून तरुण वाटत होती. तिनं विचारलं, "कधीचं हवंय? काल रात्रीचं की आज सकाळचं?" क्लोव्हिसनी माझ्याकडे पाहिलं. दोन तास दहा मिनिटांनी वर्ग परत आला. आम्ही दोघांनी एकेक निबंध उघडून पाहिला, आणि रेकॉर्डिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मीच तालुक्याच्या हवामानाचं काहीतरी बडबडून ठेवलं होतं. क्लोव्हिस डोळे मिटून ऐकत होते.

त्याच कंपनीशी करार झाला. वकिलामार्फत त्यात तीन गोष्टी घालून घेतल्या. मुलांची माहिती शिकवण्याखेरीज कशासाठीही वापरायची नाही. करार संपला तरी सहा महिने काही पुसायचं नाही. आणि दर महिन्याला सगळ्याची एक पूर्ण प्रत शाळेला पाठवायची. हॅनफर्डबाईंनी शेवटच्या अटीसाठी कंपनीशी स्वतः भांडण केलं. त्यानंतर रोझेर त्यांना गेल म्हणू लागला.

या सौद्यात क्लोव्हिसनी जे स्वतः बनवलं होतं ते सगळं गेलं. फोटो लहान करणारी युक्ती, आमच्या फ्रेंचमधल्या सूचना, वादळाच्या दिवशी आपोआप वेळापत्रक बदलणारी यंत्रणा. कंपनी सगळ्यांना एकच सांगाडा देते, त्यात बाहेरचे खिळे ठोकू देत नाही. आता सूचना पॅरिसच्या फ्रेंचमध्ये येतात आणि पोरं त्यांची नक्कल करून हसतात. नदीकाठच्या घरांतून फोटो चढायला वेळ लागतो, आणि पालक मला फोन करून बोलतात. त्यांचं बरोबर आहे. मी त्यांना बरं होईल असं सांगत नाही, कारण होणार नाही.

ऑगस्टमध्ये सगळं हलवून झालं. सर्व्हर बंद करायच्या दिवशी क्लोव्हिसनी मला बोलावलं नव्हतं. मी वर्ग लावायला आले होते आणि कोठडीचं दार उघडं दिसलं. ते उकिडवे बसून वायरी गुंडाळत होते. प्रत्येक वायर गुंडाळून तिला चिकटपट्टी लावून तिच्यावर नाव लिहीत होते, जशी काही ती उद्या परत लागणार आहे.

"मदत करू?"

"झालं आता." ते उठताना गुडघ्यावर हात ठेवून थांबले. "पंखा बंद झाला ना, तेव्हा मला वाटलं बहिरा झालो की काय."

दुसऱ्या वर्षी काढणीच्या सुट्टीत कंपनीचाही सर्व्हर पडला. चार तास. गावात लगेच कुजबुज सुरू झाली, आणि रोझेर बटाट्याच्या शेतातूनच क्लोव्हिसना फोन लावून ओरडला, "बघितलंस? तुझ्या वेळेला चार तास कधी बंद होतं?"

क्लोव्हिस तेव्हा तेरेझला बोलण्याच्या व्यायामासाठी घेऊन गेले होते. मला नंतर रोझेरनंच सांगितलं, ते म्हणाले, "माझ्या वेळेला बारा आठवडे गेले, रोझेर. कंपनीचा नंबर कार्यालयाच्या भिंतीवर लावलाय. त्यांना ओरड, मला नको." संध्याकाळपर्यंत सगळं जिथल्या तिथे आलं.

त्याआधीच्या जूनमध्ये एलोडीची तुकडी शाळेतून बाहेर पडली. आमच्याकडे मुलं पदवीच्या दिवशी सगळ्या कर्मचाऱ्यांच्या रांगेतून हात मिळवत जातात. क्लोव्हिस तोवर निवृत्त झाले होते, तरी त्यांना बोलावलं होतं, आणि ते तेरेझची चाकांची खुर्ची धरून रांगेच्या टोकाला उभे होते. एलोडी सगळ्यांशी हात मिळवत आली. त्यांच्यापाशी आल्यावर थांबली. त्या घरातल्या संध्याकाळनंतर ती त्यांच्याशी बोललेली मला माहीत नाही.

ती खाली वाकली, तेरेझचा डावा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तेरेझमावशी, मी मेमेरचं रेकॉर्ड करतेय. तुमचं पण करायचंय. स्वयंपाकघरातलं. जमेल तेव्हा."

तेरेझला तोवर वीसेक शब्द परत आले होते, सगळे फ्रेंच. तिनं एलोडीकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "नाही."

क्लोव्हिस घाईनं म्हणाले, "हो म्हणतेय ती. तिचं हो असंच येतं."

"ठाऊक आहे," एलोडी म्हणाली. तिनं त्यांच्याशी हात मिळवला आणि पुढे गेली.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कंपनीकडून आलेली प्रत आम्ही एका वेगळ्या संगणकावर उघडून बघतो. पहिलं वर्षभर क्लोव्हिस आणि मी बघायचो. आता ते येत नाहीत. मी आणि विज्ञानाची नवी शिक्षिका बघतो, आणि किल्ल्या आम्हा दोघींकडे आहेत, तिसरी गेलकडे. कुठलंही एक नाव निवडायचं, त्या मुलाचं काम उघडायचं, वाचायचं, आवाज असेल तर पूर्ण ऐकायचा. गेल्या शनिवारी सहावीतल्या एका मुलानं कोंबड्यांवर केलेला अहवाल निघाला. चौदा मिनिटांचा होता. आम्ही तो शेवटपर्यंत ऐकला, वहीत तारीख घातली, दोघींनी सह्या केल्या आणि कुलूप लावून घरी गेलो.